मनिलातील वसईकर विद्यार्थी

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्या डोंगरांच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस काटेपूर्णेतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला मिळतो आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात जातो. दक्षिण उतारावरचा पाऊस पैनगंगेच्या वाटेने पुढे गोदावरीच्या पाण्यात मिसळून बंगालच्या उपसागराला पोहोचतो. आमचे पाणी दोन समुद्रांना मिळते. माणसे मात्र पिढ्यानपिढ्या कापसाच्या आणि तुरीच्या शेतातच राहिली. अलीकडे मुले शिकायला बाहेर पडू लागली आहेत. बहुतेक नागपूर-पुण्याला जातात, एखाद-दुसरा समुद्रापलीकडेही जातो. अशा घरची आईवडील मंडळी धर्मगुरूला जे प्रश्न विचारतात, ते आता आम्हांस पाठ झाले आहेत. तिथली भाषा मुलाला येईल काय? तो मिस्साला जाईल काय? आणि शिकून झाल्यावर तो आपला राहील काय?

या प्रश्नांची चर्चा करण्यास आम्ही बसलो नाही. परंतु महाराष्ट्राच्या ख्रिस्ती समाजात हे प्रश्न पहिल्यांदा कोणाच्या वाट्याला आले असतील, याचा विचार करताना आम्ही चारशे वर्षांहून अधिक मागे गेलो, आणि ज्यांचे चित्र आपल्या घरच्या भिंतीवर आहे अशाच एका व्यक्तीपाशी येऊन थांबलो. संत गोन्सालो गार्सिया यांचा वसईतील जन्म आपल्याला ठाऊक आहे, नागासाकीचा क्रूसही ठाऊक आहे. या दोहोंच्या मध्ये स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या एका बंदरात, मनिला शहरात, त्यांनी जी वर्षे विद्यार्थी म्हणून काढली, त्यांचा उल्लेख आपल्या प्रवचनांत एका वाक्यात उरकला जातो. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठे वळण तेथेच आहे.

त्या काळचे चित्र प्रथम डोळ्यांपुढे आणले पाहिजे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. संत फ्रान्सिस झेवियर वसईला येऊन गेले, आणि पाठोपाठ येशूसंघाचे घर किल्ल्यात उभे राहिले. फ्रान्सिसकन व्रतस्थांनी तर त्यापूर्वीच तेथे पाय रोवले होते. आमच्या वऱ्हाडात त्या वेळी इमादशाही होती. ती १५७४ मध्ये बुडून निजामशाहीचा अंमल आला, आणि १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून वाशीमचे नाव आहे. म्हणजे वाशीमचे मालक दोनदा बदलले तेवढ्या काळात वसईचा एक मुलगा जपानला जाऊन आला, मनिलाला राहिला आणि पुन्हा जपानला गेला. घाटाखाली आणि घाटावर महाराष्ट्राची दोन निरनिराळी आयुष्ये चालली होती. एकाचे तोंड समुद्राकडे होते आणि दुसऱ्याचे दिल्लीकडे.

गोन्सालो यांचा जन्म १५५६ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज आणि आई वसईची. घरात दोन भाषा असणार हे उघड आहे. किल्ल्यातील येशूसंघीयांच्या हाताखाली त्यांचे बालपणीचे शिक्षण झाले आणि फादर सेबास्तियाँव गोन्साल्व्हिस हे त्यांचे गुरू होते, असे चरित्रकार सांगतात. पंधरा-सोळा वर्षांचे असताना, १५७२ च्या सुमारास, ते येशूसंघीयांबरोबर जपानला गेले. हे वय मिसरूड फुटण्याचे. या वयात कानावर पडलेली भाषा जिभेवर बसते, आणि जपानी भाषा त्यांच्या जिभेवर अशी बसली की पुढे तिनेच त्यांचे भवितव्य ठरविले. सुमारे आठ वर्षे त्यांनी तेथे धर्मशिक्षक म्हणून काम केले.

त्यानंतर जे घडले ते सांगताना आपली जुनी चरित्रे जरा घाईने पुढे सरकतात. गोन्सालो यांना येशूसंघात प्रवेश हवा होता आणि तो त्यांना मिळाला नाही, असे परंपरा सांगते. कारण कोणते? एका माणसाच्या बाबतीत नेमके काय घडले, यापेक्षा त्या काळचे धोरण पाहणे आम्हांस अधिक उपयोगाचे वाटते. येशूसंघाचे पूर्वेकडील निरीक्षक फादर आलेस्सांद्रो व्हालिन्यानो हे मोठे दूरदृष्टीचे पुरुष होते. जपानी तरुणांना संघात घ्यावे, त्यांना धर्मगुरुपदापर्यंत न्यावे, असा आग्रह त्यांनी धरला. पण हिंदुस्थानातील लोकांना आणि मिश्र रक्ताच्या तरुणांना संघात घेण्याच्या मात्र ते विरुद्ध होते. एकाच लेखणीतून ही दोन मते उतरली आहेत. वसईच्या आईचा मुलगा या धोरणाच्या कोणत्या बाजूला पडला असेल, हे वाचकांना सांगावयास नको. ख्रिस्तसभेच्या इतिहासात असे परिच्छेद आहेत. ते वगळून वाचले तर संतांचे मोठेपणही नीट कळत नाही.

गोन्सालो व्यापारात शिरले. भाषा येत होती, ओळखी होत्या, स्वभाव गोड होता. त्यांचा व्यापार वाढला आणि वेगवेगळ्या बंदरांत त्यांच्या पेढ्या झाल्या. या व्यापाराच्या निमित्ताने ते मनिलाला वरचेवर जाऊ लागले.

मनिला हे शहर तेव्हा कोवळे होते. १५७१ मध्ये मिगेल लोपेस दे लेगास्पी यांनी पासिग नदीच्या मुखाशी स्पॅनिश शहर म्हणून त्याची स्थापना केली. १५८३ मध्ये एका गव्हर्नरच्या अंत्यविधीच्या वेळी मेणबत्तीने पेट घेतला आणि बांबू-लाकडाचे ते सारे शहर जळून गेले. मग दगडविटांची घरे उठू लागली. १५९० मध्ये आलेले गव्हर्नर गोमेस पेरेस दासमारिन्यास यांनी शहराभोवती दगडी तट बांधावयास घेतला. गोन्सालो यांच्या तेथील वास्तव्याच्या काळातच दगड घडविण्याचा आवाज त्या शहरात दिवसभर चालू असणार. वसईच्या किल्ल्यात वाढलेल्या माणसाला हा आवाज ओळखीचा होता. हवाही ओळखीची होती. जूनमध्ये पाऊस लागावा, खाडीकाठी चिखल व्हावा, जेवणात भात, मासळी आणि नारळ असावा, हे सारे वसईसारखेच. परक्या मुलखात गेलेल्या माणसाला पहिला आधार पोटाचा असतो. स्पॅनिश लोकांना मात्र तेथे गव्हाच्या पावाची आठवण येई, आणि तो पाव चिनी भटारी चीनहून आलेल्या पिठाचा भाजून देत.

मनिलाचे खरे आश्चर्य तिची पेठ होती. १५६५ पासून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदराशी फिलिपिन्सचे दळणवळण सुरू झाले होते. मेक्सिकोची चांदी येई आणि चीनचे रेशीम जाई. गलबतांचा हा क्रम १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, चालू राहिला. तटाबाहेर चिनी लोकांची ‘पारियान’ नावाची वसाहत होती. मनिलाचे पहिले बिशप दोमिंगो दे सालाझार यांनी १५९० मध्ये स्पेनच्या राजाला पाठविलेल्या पत्रात तिचे मोठे रसाळ वर्णन आहे. त्यातील एक हकीकत आम्हांस फार आवडते. मेक्सिकोहून एक पुस्तकबांधणी करणारा कारागीर आला आणि त्याने मनिलात दुकान थाटले. एक चिनी मनुष्य त्याच्याकडे नोकरीस राहिला. मालकाचे लक्ष नसताना त्याने बांधणीची सारी कला नुसती पाहून पाहून उचलली, बाहेर पडून स्वतःचे दुकान काढले, आणि इतके उत्तम काम केले की मूळ कारागिराला धंदा बंद करावा लागला. सालाझार महोदय हे लिहितात तेव्हा त्यांना त्या मालकाची कीव आली की त्या चिन्याचे कौतुक वाटले, हे सांगणे कठीण आहे. आमचा तर्क कौतुकाकडे झुकतो.

अशा या शहरात आपल्याकडचा मनुष्य कोण म्हणून राहत असे? हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १५९५ मध्ये मनिलाला आलेले न्यायाधीश आंतोनियो दे मोर्गा यांनी १६०९ मध्ये मेक्सिकोत छापलेल्या आपल्या ग्रंथात हिंदुस्थानाकडून आणि मलाक्काहून येणाऱ्या पोर्तुगीज गलबतांवरील मालाची यादी दिली आहे. मसाले, सुती कापड, भरतकामाचे पलंगपोस, गालिचे. आणि त्याच यादीत गुलाम. हिंदुस्थानातील बहुतेक माणसे मनिलाच्या धक्क्यावर उतरली ती गुलाम म्हणून, नाहीतर खलाशी म्हणून. कातारिना दे सान हुआन या नावाने पुढे मेक्सिकोच्या पुएब्ला शहरात साध्वी म्हणून गाजलेली बाई अशीच बालपणी हिंदुस्थानातून पळविली गेली, आणि मनिलामार्गे मेक्सिकोला पोहोचली. गोन्सालो यांची गोष्ट निराळी. ते स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मालाबरोबर आले होते. तरीही ते परकेच. १५८० पासून स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांच्या गादीवर एकच राजा, दुसरा फिलिप, बसला होता हे खरे. पण दोन्ही राज्यांचा कारभार आणि व्यापार वेगळा राहील, असे वचन त्याने १५८१ मध्ये तोमार येथे पोर्तुगीजांना दिले होते. राजा एक असला तरी वसईचा माणूस मनिलाच्या दरबारात दुसऱ्या राज्याचाच प्रजाजन होता.

मनिलात फ्रान्सिसकन व्रतस्थ १५७८ मध्ये आले. त्यांचा पंथ अनवाणी चालणाऱ्यांचा होता. त्यांच्यातील हुआन क्लेमेंते नावाच्या एका व्रतस्थ बंधूने मठाच्या दाराशी येणाऱ्या आजाऱ्यांना औषधपाणी देण्यास सुरुवात केली. दाराशी गर्दी वाढली, आणि त्यातूनच मनिलाची पहिली रुग्णालये उभी राहिली. हा बंधू धर्मगुरू नव्हता. वेदीवर मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्याला नव्हता. मात्र शहरातील दुःखी माणसाला त्याचे दार ठाऊक होते. व्यापारासाठी येणाऱ्या गोन्सालो यांनी हे दार पाहिले असणार. लहानपणी वसईच्या किल्ल्यातही त्यांनी हा जाडाभरडा झगा आणि कमरेची दोरी पाहिलेली होतीच. हळूहळू त्यांचे येणे-जाणे पेढीकडून मठाकडे वळले, आणि तिशीच्या उंबरठ्यावर असलेला हा यशस्वी व्यापारी व्रतस्थ बंधू होण्यासाठी उमेदवार म्हणून मठात दाखल झाला.

या उमेदवारीचा अर्थ आजच्या वाचकाने समजून घ्यावा. ट्रेंट येथील महासभेने असा नियम घालून दिला होता की, व्रते घेण्यापूर्वी उमेदवाराने पूर्ण एक वर्ष परीक्षेत काढलेच पाहिजे. हे वर्ष शाळेचेच वर्ष. उठावे केव्हा, चालावे कसे, बोलावे केव्हा आणि गप्प केव्हा राहावे, हे सारे नव्याने शिकावयाचे. शिक्षक स्पॅनिश, सहाध्यायी स्पॅनिश, वाचन स्पॅनिश. पोर्तुगीज जाणणाऱ्याला स्पॅनिश कळते हे खरे. मराठी माणसाला कोकणी कळते तसेच. पण कळणे वेगळे आणि त्या भाषेत रागावणे, विनोद करणे, पापनिवेदन करणे वेगळे. सारखी भाषा हा एक सापळा असतो. अगदी परकी भाषा मनुष्य सावधपणे बोलतो. जवळच्या भाषेत तो आपलेच शब्द बेधडक वापरतो आणि हशा होतो. गोव्यात सेवा केलेल्या आमच्या मित्रांना याचा पुरेपूर अनुभव आहे.

संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये दिलेला नियम हे या शाळेचे पाठ्यपुस्तक. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात सांगितले आहे की, येणाऱ्याने आपले सर्व विकून गरिबांना वाटून यावे. चौथ्या प्रकरणात सांगितले आहे की, बंधूंनी पैसा स्वीकारू नये, स्वतः नाही आणि दुसऱ्याच्या हातूनही नाही. हे वाचताना एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाला काहीच सोडावे लागत नाही, कारण त्याच्याजवळ काही नसते. गोन्सालो यांच्या बाबतीत प्रत्येक पेढीचा हिशेब बंद करणे, येणे-देणे चुकते करणे, भागीदारांना कळविणे, एवढे सारे या एका वाक्यात होते. व्यापारी घरातील वाचकांना हे अधिक कळेल.

नियमाच्या तिसऱ्या प्रकरणात न शिकलेल्या बंधूंसाठी प्रार्थनेची सोय आहे. धर्मगुरूंनी लॅटिन स्तोत्रे म्हणावीत. बंधूंनी त्याऐवजी ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणावे: रात्रीच्या प्रार्थनेला २४ वेळा, पहाटे ५ वेळा, दिवसातील चार प्रहरांना प्रत्येकी ७ वेळा, सायंप्रार्थनेला १२ आणि झोपण्यापूर्वी ७ वेळा. एकूण ७६. वसई, जपान आणि समुद्र यांमध्ये निदान तीन भाषांचा संसार केलेला हा मनुष्य मनिलाच्या मठात न शिकलेल्यांच्या बाकावर बसला आणि रोज ७६ वेळा तीच एक प्रार्थना म्हणू लागला. कोणत्या भाषेत? मठाच्या भाषेत, म्हणजे लॅटिन किंवा स्पॅनिशमध्ये, असे नियमावरून म्हणावे लागते. मनातल्या मनात कधी आईच्या भाषेतही झाली असेल, असे आम्हांस वाटते; पण तो आमचा भाव झाला, इतिहास नव्हे.

ते धर्मगुरू का झाले नाहीत, असा प्रश्न कधी कधी विचारला जातो, आणि त्यात एक खंत असते. आम्ही स्वतः वेदीवर उभे राहणारे, तेव्हा आम्ही बोललो तर वाचकांना ते शिष्टाचाराचे वाटेल. तरी म्हणतो. मनिलात गोन्सालो यांना दुय्यम स्थान मिळाले असे समजणे हा आजच्या नजरेचा दोष आहे. संत फ्रान्सिस स्वतः धर्मगुरू नव्हते. त्या मठातील नामांकित माणसांत हुआन क्लेमेंतेसारखे बंधू होते. आणि ज्या दारावर एकदा नकार मिळाला होता, त्याच्या शेजारचे हे दार उघडे होते, ही गोष्ट लहान नाही.

त्याच मठात ते नव्हे तर आणखीही परके विद्यार्थी येत. मेक्सिको शहरात जन्मलेला फेलिपे नावाचा तरुण मनिलाला व्यापारासाठी आला, काही काळ मौजमजेत रमला, आणि मग फ्रान्सिसकन झाला. त्याने १५९४ मध्ये व्रते घेतली. त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा देण्यास मनिलात बिशपच नव्हते, कारण सालाझार महोदय स्पेनला गेले होते आणि १५९४ मध्ये तेथेच वारले. म्हणून १५९६ मध्ये तो दीक्षेसाठी मेक्सिकोच्या गलबतावर चढला. एक विद्यार्थी पॅसिफिकच्या पूर्वेकडून आलेला, दुसरा आपल्या कोकण किनाऱ्यावरून; दोघेही व्यापाराच्या वाटेने आलेले. या दोघांच्या वाटा पुढे पुन्हा एकत्र येणार होत्या.

मनिलाच्या त्या वर्षांचे आणखी एक स्मारक शिल्लक आहे. १५९३ मध्ये तेथे ‘दोक्त्रिना ख्रिस्तियाना’ छापली गेली. स्पॅनिश आणि तागालोग या दोन भाषांतील ही छोटी धर्मशिक्षणपुस्तिका लाकडी ठशांवरून छापलेली असून तिच्यात तागालोग मजकूर त्या लोकांच्या स्वतःच्या लिपीतही दिला आहे. तिच्यामागे फ्रान्सिसकन फादर हुआन दे प्लासेन्सिया यांचे श्रम असल्याचे मानले जाते. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून निघाले. म्हणजे गोन्सालो ज्या मठात शिकत होते, तेथे लोकांची भाषा शिकून तिच्यात धर्म सांगण्याची खटपट चालू होती. जपानी जाणणारा बंधू अशा लोकांना काय किमतीचा वाटला असेल!

ती किंमत लवकरच प्रत्ययास आली. जपानचा सर्वाधिकारी हिदेयोशी याने फिलिपिन्सने आपल्यापुढे मान तुकवावी अशी मागणी केली होती. त्याच्याकडे गेलेले पहिले वकील, डोमिनिकन फादर हुआन कोबो, परतीच्या प्रवासात जहाजासह नाहीसे झाले. तेव्हा गव्हर्नर दासमारिन्यास यांनी १५९३ च्या मे महिन्यात फादर पेद्रो बाउतिस्ता यांना वकील म्हणून पाठविले. बरोबर तिघे फ्रान्सिसकन होते: फादर बार्तोलोमे रुइस, बंधू फ्रान्सिस्को दे सान मिगेल आणि बंधू गोन्सालो गार्सिया. हिदेयोशी तेव्हा कोरियावरील स्वारीसाठी क्यूशू बेटावरील नागोया येथे तळ देऊन होता. त्या दरबारात फादर बाउतिस्ता स्पॅनिश बोलत, हिदेयोशी जपानी बोलत, आणि दोघांच्या मध्ये अनवाणी पायांनी वसईचा मनुष्य उभा असे. एका बाजूला खंडणी मागणारा सत्ताधीश, दुसऱ्या बाजूला मैत्री देऊ पण ताबेदारी देणार नाही म्हणणारा वकील. एखादा शब्द कमी-अधिक झाला असता तर चौघांची डोकी तेथेच गेली असती. वसईत जे मिळाले, जपानमध्ये जे मिळाले आणि मनिलात जे मिळाले, ते सारे त्या एका दिवशी उपयोगी पडले.

हिदेयोशीने त्यांना राहू दिले आणि क्योतो येथे जागा दिली. तेथे देवदूतांच्या राणीच्या नावाने ख्रिस्तमंदिर झाले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उघडली गेली. मनिलाच्या मठाच्या दाराशी जे शिकले ते येथे पुन्हा सुरू झाले. मात्र येथूनच एक कडवट प्रकरणही सुरू होते. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ मध्ये जपानचे कार्य केवळ येशूसंघाकडे सोपविले होते. १५८७ च्या हद्दपारीच्या हुकमानंतर येशूसंघीय गाजावाजा न करता काम करीत होते. फ्रान्सिसकन आले ते वकिलाच्या नात्याने, आणि उघडपणे उपदेश करू लागले. एकाने दुसऱ्याला उतावळे म्हटले, दुसऱ्याने पहिल्याला भित्रे म्हटले. ही कागदपत्रांची लढाई पुढे कितीतरी वर्षे चालली. आमचे मत विचाराल तर सावधपणाची बाजू येशूसंघाकडे होती आणि गरिबांची गर्दी फ्रान्सिसकनांच्या दारी होती. दोन्ही गोष्टी खऱ्या.

१५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ नावाचे मनिलाचे मोठे गलबत वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. दीक्षेसाठी निघालेला मेक्सिकोचा फेलिपे त्याच गलबतावर होता. मालाच्या जप्तीवरून तंटा झाला. गलबतावरील सुकाणूदार काय बरळला, याविषयी दोन्ही पक्षांचे कागद एकमेकांना खोटे पाडतात. हिदेयोशीचा राग व्रतस्थांवर आला एवढे निश्चित. १५९७ च्या जानेवारीत क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला, गाडीत बसवून धिंड काढण्यात आली, आणि ऐन थंडीत त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रूसावर देण्यात आले. सहा फ्रान्सिसकन, तीन जपानी येशूसंघीय, सतरा जपानी ख्रिस्तानुयायी, त्यांत कोवळी मुलेसुद्धा. सर्वांत प्रथम क्रूसावर चढविले गेले ते बंधू गोन्सालो, असे परंपरा सांगते. मनिलाच्या मठातील मेक्सिकोचा विद्यार्थी फेलिपे त्याच रांगेत होता.

त्यांच्याबरोबर जपानमध्ये राहिलेले पण वाचलेले फ्रान्सिसकन फादर मार्सेलो दे रिबादेनेइरा यांनी या सर्वांचा इतिहास लिहिला. तो १६०१ मध्ये बार्सेलोना येथे छापला गेला. म्हणजे वसईच्या माणसाची कथा मातृभूमीत पोहोचण्याआधी आणखी एका स्पॅनिश बंदरातून बाहेर पडली. त्याच बार्सेलोनात जन्मलेले फादर हेनरी हेरास १९२२ मध्ये मुंबईला आले आणि आपल्या देशाच्या इतिहासाचे विद्यार्थी होऊन राहिले, हा केवळ योगायोग. पण लिहिता लिहिता तो आठवला म्हणून नोंदविला.

१६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी या हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद बहाल केले. २००८ मध्ये केरळच्या भगिनी अल्फोन्सा या पहिल्या भारतीय स्त्री-संत झाल्या, तेव्हा भारतात संत प्रथमच झाला असा काहींचा समज झाला. वसईचा मान त्याआधी १४६ वर्षांचा होता. आज गास येथील ख्रिस्तमंदिर त्यांच्या नावाने आहे, वसईतील महाविद्यालयही आहे. नागासाकीच्या टेकडीवर १९६२ मध्ये उभारलेल्या स्मारकात सव्वीस ब्राँझ आकृत्यांत त्यांची आकृती आहे. मनिलात मात्र आमच्या समाजातून कोणी यात्रेला जात नाही.

गेले तरी पाहण्यासारखे फार उरलेले नाही. १९४५ च्या फेब्रुवारीत अमेरिकन आणि जपानी सैन्यांच्या लढाईत मनिलाचे जुने तटबंद शहर बेचिराख झाले. आतील ख्रिस्तमंदिरांपैकी सान आगुस्तीनचे तेवढे उभे राहिले. फ्रान्सिसकनांचा मुख्य मठ आणि त्याचे ख्रिस्तमंदिर नष्ट झाले ते पुन्हा बांधले गेले नाही. त्या जागेवर आता मापुआ विद्यापीठ आहे. तेथे मुले अभियांत्रिकी शिकतात, आणि त्यांत परदेशातून आलेलीही असतात.